पगार दोघींनी काढायचा

वहिनी, आपलं भांडण अर्धवट राहिलं आहे. भांडण अर्ध्यात टाकून उठणं तुमच्या स्वभावात नव्हतं. आमटीत मीठ कमी की जास्त, यावरसुद्धा शेवटचा शब्द तुमचाच असायचा. आणि या वेळी, एवढ्या मोठ्या विषयावर, "उद्या बोलू, गॅसवर दूध आहे," म्हणून तुम्ही आत गेलात. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्हाला दरदरून घाम फुटला, दादांनी गाडी काढली, मी मागच्या सीटवर तुमचं डोकं मांडीवर घेऊन बसले, आणि हॉस्पिटलच्या दारातून आत नेताना तुम्ही विचारलंत, "दूध झाकलंयस ना?" मी हो म्हटलं. मला खरं तर काहीच आठवत नव्हतं.

काल तुमचा तेरावा झाला. नागपूरची मंडळी सकाळच्या गाडीने गेली, तुमचे तुलसी नगरचे भाऊ दुपारी गेले. आता मी घरातल्या आपल्या ऑफिसच्या खोलीत बसले आहे, तुमच्या खुर्चीत नाही, माझ्याच. या महिन्याच्या पगाराचं काय झालं ते तुम्हाला घरातलं कोणीही नीट सांगणार नाही. आमचे हे, अजय, सांगतील तर दोन वाक्यांत उरकतील, तुमची केतकी रडेल, आणि दादा तर बोलतच नाहीत. म्हणून मी सांगते. मधे बोलू नका.

मी नवी नवरी म्हणून कोटऱ्याच्या घरात आले तेव्हाची पगाराची दुपार तुम्हाला आठवते का? अप्पांनी निवृत्तीनंतर पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना काढून दोन्ही मुलांच्या हातात दिला होता, आणि हिशेब दोन्ही सुनांच्या. त्या दुपारी जेवणाच्या टेबलावर नोटा पसरलेल्या असायच्या आणि आपण सगळे खाली जमिनीवर जेवायचो. मी हजेरी बघून पाकिटं भरायची. मग तुम्ही माझं प्रत्येक पाकीट उघडायचात, परत मोजायचात आणि मगच थुंकी लावून बंद करायचात. मी पहिल्याच महिन्यात आईला फोन करून सांगितलं होतं, "थोरली जाऊ मला चोर समजते." आई म्हणाली, गप्प बस आणि भर पाकिटं. तेव्हा मला तुमचा इतका राग यायचा की पाकिटं मी मुद्दाम घट्ट भरायचे, म्हणजे उघडताना तुम्हाला त्रास व्हावा.

मग अप्पांच्या ओळखीतून जुना कॉम्प्युटर आला. तुम्ही कोपऱ्यावरच्या क्लासला जाऊन बसलात, कॉलेजच्या पोरांमध्ये, साडीवर स्वेटर घालून. महिनाभरात एका बोटाने टाइप करत तुम्ही सगळ्यांची नावं चढवलीत. पुढे कामगारांची बँकेत खाती उघडली. म्हातारे रामदीन काका ऐकेनात, त्यांना हातात पाकीटच हवं होतं. मग तुम्ही त्यांचा पगार खात्यात टाकायचात आणि त्याची छापलेली चिठ्ठी पाकिटात घालून द्यायचात. ते पाकीट कपाळाला लावून खिशात ठेवायचे आणि खूश व्हायचे. मग भविष्यनिधीचं काम नेटवर आलं, विम्याचं आलं, आणि दोन वर्षांपूर्वी तर फाटकावर चेहरा दाखवून हजेरी लावायचं यंत्र बसलं. पूर्वी ज्या कामात आपले दोन दिवस जायचे ते आता चहा गार व्हायच्या आत होतं. पगाराची चिठ्ठीही फोनवर जाते.

भेटायला आलेल्यांपैकी दोघा-तिघांनी म्हटलं, जुन्या वळणाच्या होत्या बिचाऱ्या, मशीनवर भरोसा नव्हता. मी तिथल्या तिथे तोंड उघडलं. म्हटलं, आमच्या घरात मशीन आणलं तेच मुळी यांनी. सुतकात भांडू नये म्हणून अप्पांच्या बहिणीने, आत्याबाईंनी, माझ्यावर डोळे वटारले. तुमचा मशीनवर पूर्ण भरोसा होता, तो मला माहीत आहे. तुमचा भरोसा नव्हता तो एकट्या माणसावर. पाकिटाच्या काळात एकीने भरायचं आणि दुसरीने मोजायचं, तोच नियम तुम्ही बँकेत जाऊन कॉम्प्युटरवरही लावून घेतलात. यादी मी बनवणार, मंजुरी तुम्ही देणार. तुमच्या फोनवर आकडे येणार, ते टाकल्याशिवाय एक पैसा हलणार नाही. माझी यादी तुम्ही वरून खालपर्यंत वाचायचात, दर महिन्याला, तीच नावं, तेच लोक. मी मागे उभी राहून पाय हलवत असायचे.

यादीच्या शेवटी आपली दोघींची नावं असायची. तो हट्टही तुमचाच. घरच्या सुना म्हणून फुकट राबायचं नाही, कामगारांबरोबर, त्यांच्याच यादीत, त्यांच्याच दिवशी पगार घ्यायचा, हे तुम्ही अप्पांना ऐकवलंत तेव्हा मी स्वयंपाकघरात उभी होते. अप्पा तीन दिवस तुमच्याशी बोलले नाहीत, आणि चौथ्या दिवशी त्यांनी मान्य केलं. मला आयुष्यातला पहिला पगार तुमच्यामुळे मिळाला, वहिनी. हे मी तुम्हाला कधी म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं, पण तुम्ही पाकिटं परत मोजायचात ना, म्हणून तोंडातून निघालं नाही.

आता भांडण. तो नव्या सॉफ्टवेअरचा मुलगा आला होता, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा, हातात टॅब. त्याने दाखवलं की महिना संपला की हजेरी आपोआप बंद होते, पगार आपोआप निघतो, एक तारखेला सकाळी आपोआप जमा. कोणी काही दाबायचंच नाही. मी तर हरखूनच गेले. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून त्याला विचारलंत, "और गलती हुई तो?"

"मैडम, सिस्टम गलती नहीं करता."

"सिस्टम की नहीं पूछ रही, बेटा. मंजिरी की पूछ रही हूँ. और मेरी."

तो हसला. मी नाही हसले. तो गेल्यावर मी म्हटलं की सगळे छोटे कारखाने आता हेच करताहेत, आपणच अजून दोन-दोन वेळा तपासत बसतो. तुम्ही म्हणालात, "अगं, मशीन भरोशाचं आहे, मी कुठे नाही म्हणतेय? पण अपन दोघींनी बघायला काय जातं?" मी म्हटलं वेळ जातो. तुम्ही म्हणालात, जाऊ दे. मी म्हटलं, खरं सांगा, एवढी वर्षं झाली तरी तुमचा माझ्यावर विश्वास नाही. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. उत्तर तोंडावर आलं होतं, मला दिसलं ते. आणि मग तुम्हाला दूध आठवलं.

काय उत्तर होतं, वहिनी?

तुम्ही गेलात त्या दिवशी एकोणतीस तारीख होती. पुढचे दिवस मला तुकड्यातुकड्यांनी आठवतात. घर माणसांनी भरलेलं, चूल बंद, शेजारून येणारे डबे, आणि दादा पुढच्या खोलीत भिंतीला टेकून बसलेले. कोण आलं, कोण गेलं, त्यांना काही पत्ता नव्हता. एक तारीख आली आणि गेली. आपल्या कारखान्यात एक तारखेला पगार झाला नाही असं कधी घडलं नव्हतं, अप्पा गेले त्या महिन्यातसुद्धा नाही. इरफान भाईंनी मंडीदीपच्या कारखान्यातून फोन केला. सुपरवायझर माणूस, आवाज नेहमी फाटकासारखा मोठा, पण त्या दिवशी हळू बोलले.

"भाभी, बोलना तो नहीं चाहिए इस वक़्त. बड़ी भाभी का ग़म सबको है, लड़कों ने दो दिन चाय तक नहीं मँगाई. पर पाँच तारीख़ को सबकी किस्त कटती है. किसी की गाड़ी की, किसी के मोबाइल की. वो गीता है न पैकिंग वाली, उसकी तो मकान की है. खाते में पैसा न हुआ तो बैंक ऊपर से जुर्माना लगाता है."

मी म्हटलं, हो जाएगा. फोन ठेवला. पाकिटाच्या दिवसांत पगार दोन दिवस लांबला असता तर किराणावाला थांबला असता, घरमालकही थांबला असता, वर समाचाराला आला असता. आता हप्ता बँकेतून आपोआप कापला जातो. त्याला कोण सांगणार की आमच्या घरी सुतक आहे?

मी याच खोलीत येऊन बसले. बाहेर बायका बसलेल्या, मी लॅपटॉप उघडला म्हणून एकीने दुसरीला कोपर मारलं ते मला दिसलं. मागच्या महिन्याची यादी पुढे आणली, हजेरी जोडली, तपासली आणि पाठवली. आणि तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की ती कोणाकडे पाठवली.

आतल्या खोलीत तुमचा फोन वाजला.

केतकी फोन हातात धरून दारात आली. तुमच्या लेकीचा चेहरा तेव्हा असा होता की मला तिच्याकडे बघवेना. "काकू, आईच्या फोनवर आलंय. पगाराचं. मंजुरी बाकी, असं लिहिलंय. बटण दाबलं तर आकडे पण आलेत." तिला तुमचा फोन उघडता येतो, तुमचा पिन तिच्याच वाढदिवसाचा होता. ती म्हणाली, "टाकू का?"

मागून अजय आले. त्यांनी एका नजरेत सगळं ओळखलं. "टाक ना, त्यात काय. कोणाला कळतंय? सगळीकडे असंच चालतं. पैसा कामगारांचाच आहे, आपल्या खिशात थोडाच घालतोय."

खरंच होतं ते. आकडे समोर होते. दोन मिनिटं त्यांचा जीव, मग ते बाद होतात. तीस-बत्तीस घरांचा प्रश्न एका बोटाने सुटत होता. आणि तुम्ही पगार कधी लांबवला नव्हता. मी मनात म्हटलं, वहिनींनी हेच केलं असतं. लगेच दुसरं मन म्हणालं, वहिनींनी हे मेल्या तरी केलं नसतं. आणि मग मला एकदम हसू आलं आणि मी तोंडावर पदर धरला, कारण बाहेर बायका बसल्या होत्या.

तुमच्या वडिलांची गोष्ट मला तेव्हाच आठवली. ते सरकारी खात्यात पगारबिलं करायचे. एकदा साहेब रजेवर होते आणि शिपायांचे पगार अडले होते, म्हणून त्यांनी साहेबांची सही स्वतः ठोकून दिली. पगार झाले. चौकशीही झाली, आणि तुमच्या घरात वर्षभर अर्ध्या पगारावर भागलं. ही गोष्ट तुम्ही मला दोनदा सांगितलीत, आणि दोन्ही वेळा वेगळी. एकदा म्हणालात, बाबा देवमाणूस, दुसऱ्याचं पोट बघितलं. एकदा म्हणालात, बाबांनी मूर्खपणा केला, दुसऱ्याचं नाव कधी आपल्या हाताने लिहू नये, भलं करायला सुद्धा. तुमचं खरं मत कोणतं होतं ते मी विचारलं नाही. आता मला हवं तेव्हा हवं ते धरता आलं असतं.

"काकू, वेळ संपतोय," केतकी म्हणाली. "प्लीज. आईनेच केलं असं होईल ना. लास्ट टाइम. आईच्या हाताने सगळ्यांना पगार मिळेल." आणि तिने फोन माझ्यापुढे धरला.

वहिनी, ती फार कठीण जागा होती. पगार अडला होता म्हणून नाही. त्या पोरीला आईची एक शेवटची गोष्ट करायची होती, आणि ती मी तिच्या हातातून काढून घेत होते. मी म्हटलं, "नको, केतू. आई नाहीये. आईच्या नावाने नको."

"तुला काय, फक्त रूलचं पडलंय!" ती ओरडली. "तू एकदम आईसारखी बोलतेस!"

फोन तिने पलंगावर फेकला आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला. आकडे बाद झाले. अजय म्हणाले, आता इरफानला काय सांगणार आहेस? त्यांचा आवाज चढला होता. मी म्हटलं, मला माहीत नाही. मी नियम पाळला होता आणि गीताचा हप्ता बुडायला एक दिवस उरला होता. मला तुमचा भयंकर राग आला. म्हटलं, बाई स्वतः गेली आणि मला असं कोंडून गेली.

बँकेत फोन केला. तिथली मॅडम चांगली होती. तिने खातं उघडून बघितलं आणि म्हणाली, मंजुरी देणाऱ्यांत दोन नावं आहेत. दुसरं दादांचं आहे, सुरुवातीपासूनच. त्यांनी कधी उघडलंच नाही, म्हणून बंद पडलंय. चालू करायला त्यांना एकदा स्वतः यावं लागेल, ओळखपत्र घेऊन. दुसरं कोणी चालणार नाही.

म्हणजे तुम्ही दादांचंही नाव घालून ठेवलं होतं, आणि मला सांगितलं नव्हतं. त्या माणसाने आयुष्यात पुठ्ठ्याची खळ आणि मशीनचं ग्रीस सोडून कशात डोकं घातलं नव्हतं. बायको गेल्यापासून त्यांनी पाण्याचा ग्लाससुद्धा मागितला नव्हता. त्यांना मी उठवून बँकेत न्यायचं?

मी पुढच्या खोलीत गेले. बायकांचं बोलणं थांबलं. दादांसमोर बसले आणि जे होतं ते सांगितलं, मान खाली घालून, कारण थोरल्या दिरांशी मी कधी एवढं सलग बोललेच नव्हते. आत्याबाई मधेच म्हणाल्या, "अगं, काही लाज? त्याची बायको गेलीय. दहा दिवस तरी होऊ देत. कामगार कुठे पळून चाललेत?" कोणीतरी हुं म्हटलं. कोणीतरी म्हणालं, आजकाल लोकांना पैशापुढे काही दिसत नाही. उठून जावं असं वाटलं. मी उठले नाही.

दादांनी मान वर केली. मग म्हणाले, "पगार झाला नाही?"

"नाही, दादा."

"एक तारखेला झाला नाही?"

"नाही."

ते भिंतीला हात लावून उभे राहिले. आत्याबाई म्हणाल्या, अरे, कुठे निघालास? दादा म्हणाले, "तिने मला घरात ठेवलं नसतं, आत्या. अजय, गाडी काढ."

होशंगाबाद रोडवर त्या दिवशी गर्दी होती की मलाच तसं वाटलं, देव जाणे. बँकेत त्या मॅडमने दादांची न केलेली दाढी बघितली आणि काही विचारलं नाही, खुर्ची ओढून दिली. तिने पासवर्ड ठरवायला सांगितला तेव्हा दादांनी स्क्रीनकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी तोंड फिरवलं. तो माझ्यासमोर टाकायचा नसतो, हे तुम्हीच शिकवलंत.

घरी येऊन मी यादी परत पाठवली. या वेळी दादांच्या फोनवर. दुपार उतरत होती, बँकेचा व्यवहार संध्याकाळपर्यंतच होता. दादा या खोलीत आले आणि स्टुलावर बसले. तुमच्या खुर्चीत तेही बसले नाहीत. लॅपटॉपवर त्यांनी आपला पासवर्ड टाकला, मी त्यांना यादी उघडून दिली आणि म्हटलं, खाली हिरवं बटण आहे, ते दाबलं की आकडे येतील, ते टाकायचे. मला वाटलं, एका मिनिटात होईल. इरफान भाईंना लगेच फोन करता येईल.

दादांनी बटण दाबलं नाही. त्यांनी चष्मा पुसला आणि वरून वाचायला सुरुवात केली. बोट स्क्रीनला टेकवून, एकेक नाव. ओठ हलत होते. इरफान. गीता. रामदीन काकांचा नातू, जो आता त्यांच्या जागी लागलाय. मी म्हणणार होते, दादा, मी तपासलंय, तीनदा तपासलंय, दाबा. म्हणाले नाही. बोट खाली, खाली सरकत गेलं आणि शेवटच्या ओळीच्या वर थांबलं.

"मंजिरी," ते म्हणाले, "हिचं नाव आहे."

मी वाकून बघितलं. माझ्या नावाच्या वर तुमचं नाव होतं. दर महिन्याला असतं तसंच. मी मागच्या महिन्याची यादी पुढे आणली होती, आणि मशीनने तुमचं सगळं जसंच्या तसं आणलं होतं, आपण दोघी फाटकावर हजेरी लावत नाही ना, म्हणून पूर्ण महिन्याच्या हजेरीसह. मी तीनदा तपासलं होतं, वहिनी. तिन्ही वेळा तुमचं नाव वाचलं होतं आणि मला त्यात काही चुकीचं दिसलं नव्हतं.

"मी काढते," मी म्हटलं.

"काढू नको," दादा म्हणाले. "तिने काम केलंय. एकोणतीसपर्यंतचं दे. तीस आणि एकतीस जास्तीचे लावलेस, ते काप." आणि त्यांनी ती यादी परत पाठवली. मंजुरी नाकारण्याचं लाल बटण त्यांनी स्वतः शोधलं. कारण लिहायची जागा येते ना, तिथे त्यांनी एका बोटाने लिहिलं, "दोन दिवस जास्त."

मी तुमचं पान उघडलं. नोकरीचा शेवटचा दिवस. मी विचारलं, "एकोणतीस धरू का? सकाळीच गेल्या त्या."

दादा खिडकीबाहेर बघत होते. "धर," म्हणाले.

मग कारण. मशीन कारण घेतल्याशिवाय पुढे जात नाही, आणि ते आपल्याला लिहूही देत नाही, यादीतून निवडावं लागतं. राजीनामा, निवृत्ती, बदली. चौथं ते होतं. मी निवडलं आणि मग टेबलावर डोकं ठेवून रडले, तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा मनासारखं रडले. हॉस्पिटलमध्ये नाही, घाटावर नाही, इथे. दादा उठून गेले नाहीत. त्यांनी मला थांब असंही म्हटलं नाही. केतकी दारात येऊन उभी राहिली होती, तीही आत आली आणि माझ्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

यादी परत पाठवली. दादांनी ती परत पहिल्या नावापासून वाचली. मला वाटलं होतं फक्त शेवटची ओळ बघतील. सगळी वाचली. बाहेर आत्याबाई कोणाला तरी चहा विचारत होत्या. घड्याळाकडे मी बघत नव्हते, बघवत नव्हतं. मग त्यांनी बटण दाबलं, त्यांच्या स्वतःच्या फोनवर आकडे आले, ते त्यांनी एकेक करून टाकले, आणि पगार गेला. दहाएक मिनिटांत इरफान भाईंचा फोन आला, मागे मशीन बंद असल्यासारखी शांतता होती. "आ गया भाभी. सबका आ गया. गीता का भी."

दादांनी फोन टेबलावर ठेवला. मग त्यांनी विचारलं, "दर महिन्याला ही असंच करायची? सगळी नावं वाचायची?"

"हो," मी म्हटलं.

"आणि तू?"

"मी भांडायचे."